भातखाचरास शुद्ध केलेले सांडपाणी देताना

आगरदांड्यासारख्या खाडीकाठच्या गावी पावसाने ओढ दिली की भात पोटरीतच वाळू लागते. अशा वेळी प्रक्रिया केलेले सांडपाणी उपलब्ध असल्यास पीक तगते. मात्र त्या पाण्याबरोबर खत आणि क्षार दोन्ही खाचरात येतात, हे ध्यानात ठेवावे.

नत्र : लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र असलेले पाणी १० सेंटिमीटर दिल्यास हेक्टरी २० किलो नत्र, म्हणजे सुमारे ४३ किलो युरियाइतके, मिळते. तेवढा युरिया कमी करावा. अन्यथा पीक माजून लोळते व करप्यास बळी पडते.

क्षार : लिटरमागे ६४० मिलिग्रॅम क्षार असल्यास तेवढ्याच पाण्यातून हेक्टरी ६४० किलो क्षार साचतात. खारजमिनीत ही भर घातक होय. म्हणून पाणी व माती आधी तपासून घ्यावी. पुढे पाऊस पडताच खाचरात पाणी कोंडून क्षार विरघळू द्यावेत व ओहोटीच्या वेळी उघाडीवाटे ते बाहेर सोडावे. क्षार सोसणारी पनवेल-३ सारखी जात लावावी.

दक्षता : कारखान्याचे रासायनिक पाणी खाचरात घेऊ नये. चिखलात उतरताना गमबूट घालावेत, काम संपताच हातपाय साबणाने धुवावेत आणि कापणीपूर्वी हे पाणी बंद करावे.