कानाने सांभाळायची पिल्लं

आमच्या आगर गावात, डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातल्या लहान घरांत, कोंबडीची पिल्लं वाढवायची म्हणजे ओटीचा एक कोपरा द्यायचा. खुडूक कोंबडी असेल तर ती सगळं निभावते. पण गिरिराज, वनराज जातींची एक दिवसाची पिल्लं हॅचरीतून येतात ती आईवाचून, आणि तिची कामं आपल्या गळ्यात पडतात. ती करताना उमगलेलं हे थोडं.

१. पिवळा बल्ब शोधून आणा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. वीसेक पिलांना ६० वॉटचा तारेचा बल्ब पुरतो. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. म्हणजे बल्ब हळूहळू वर उचलायचा. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी ही ऊब आयतीच मिळते. तेव्हा तो बंदच ठेवा.

२. थर्मामीटर असला तरी कान उघडे ठेवा. गारठलेली पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढतात आणि न थांबता किंचाळतात. उकडलं की कडेला सरकून चोच उघडी टाकून बसतात, आवाज जवळजवळ बंद होतो. सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून वारा लागतोय. दाराच्या फटीतून खालून येणारा समुद्राकडचा वारा आपल्याला जाणवतही नाही, त्यांना बाधतो. सगळीकडे पसरून हलकी कुजबुज चालू असेल, तर निवांत झोपा. घर लहान असल्याचा हाच फायदा. रात्री बिनसलेलं अंथरुणातच कळतं.

३. कोपरे ठेवू नका. घाबरली की पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. पुठ्ठ्याची लांब पट्टी गोल वळवून उभी केली की काम झालं.

४. बल्ब नुसत्या वायरीवर लोंबकळत सोडू नका. नोव्हेंबर २०१८पासून आमच्याच पट्ट्यातल्या धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. तेव्हापासून टांगलेल्या प्रत्येक वस्तूकडे आम्ही वेगळ्या नजरेने बघतो. खाली पसरलेल्या तुसावर तापलेला बल्ब पडला तर आग लागेल, म्हणून तो दोन ठिकाणी तारेने बांधा. पावसाळ्यात वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा.

५. खाली गुळगुळीत कागद नको. त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होऊ शकतं. भाताचं तूस दोन इंच पसरा, ओलं झालेलं रोज काढा. ओलसर तुसात रक्ती हगवण वाढते.

६. आधी पाणी, मग दाणा. पोटात उरलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस तग धरतं, पण प्रवासाने तहानलेलं असतं. पसरट भांड्यात खडे टाका, म्हणजे बुडायचं नाही. नुसत्या कणीवर वाढ होत नाही, पिलांचं तयार खाद्य घ्या. पाड्यांवर पिलांना उधई (वाळवी) आणून घालतात, त्यात हेच शहाणपण आहे. वाढीला प्रथिनं लागतात.

७. लस शेजाऱ्यांसोबत घ्या. राणीखेत रोगाची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात, गंबोरोची साधारण दुसऱ्या आठवड्यात. लहान कुपीतही बहुधा शंभर मात्रा असतात आणि कालवलेली लस बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. चार घरांनी एकाच दिवशी पिल्लं आणली तर एक कुपी सगळ्यांना पुरते. वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रातून समजून घ्या.

८. चूल आणि पिल्लं लांब ठेवा. निरोगी दिसणाऱ्या पिलाच्या विष्ठेतही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. त्यांची भांडी वेगळी धुवा. मुलांना हाताळू द्या, पण मुके घेऊ देऊ नका आणि नंतर साबणाने हात धुवायला लावा.

९. खुराडं आधी बांधा, पिल्लं मग मागवा. तिसऱ्या आठवड्यात पिसं फुटू लागली की घरभर बारीक धूळ उडते, भांड्यांवर, कपड्यांवर बसते. चौथ्या आठवड्यात जागा निदान दुप्पट लागते, नाहीतर पिल्लं एकमेकांना टोचून रक्त काढतात. चार-पाच आठवड्यांत ती बाहेर जायलाच हवीत, आणि बाहेर मुंगूस, मांजर टपलेलंच असतं. बारीक जाळीचं, दाराला कडी असलेलं खुराडं तयार नसेल, तर हॅचरीला आगाऊ पैसे देऊ नका.