माहितीपत्रक वाचलं, खर्डा घेऊन ये

उंब्रज, ता. कराड
रविवार, संध्याकाळ

चि. मनू हिस,


तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. लेखनवर्गाचं माहितीपत्रक आधी वाचलं, तुझी गोष्ट नंतर. क्रम चुकला हे खरं, पण पत्रकाचा कागदच इतका गुळगुळीत की हात तिकडंच गेला. शिकवणाऱ्यांचे पुरस्कार आणि शिकून गेलेल्यांची पुस्तकं यांनीच पावणेतीन पानं भरलीत. वर्गात नेमकं काय होतं याला मात्र चार ओळी. तू विचारलंस, "मामा, एवढी फी भरून लिहायला शिकायला जाऊ का?" आईचं मत तू कळवलेलं नाहीस. ते मला फोनवर कळलंय.

मी शाळेत मास्तर होतो तेव्हा दहावीचा निकाल लागला की फाटकाशी यशस्वी विद्यार्थ्यांचा फलक लावायचं काम माझ्याकडं असे. एका वर्षी पहिली आलेली मुलगी अशी होती की आम्ही सगळे मास्तर वर्षभर रजेवर गेलो असतो तरी ती पहिलीच आली असती. फोटो तिचाच सगळ्यांत मोठा. त्याच वर्षी एका पोराला रोज शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन मी निबंध लिहायला शिकवला होता, आणि तो मराठीत काठावरून बावन्नपर्यंत आला होता. त्याचं नाव फलकावर यायचं काही कारणच नव्हतं. तेव्हापासून असा कुठलाही फलक दिसला की यात आधीच तयार होऊन आलेले किती आणि इथं घडलेले किती, हे मी मनातल्या मनात मोजतो.

तुझ्या पत्रकात इंग्लंडचा दाखला आहे. तो खराच आहे. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या दोन कादंबरीकारांनी 1970 साली असा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी इयन मॅकइवन हा एकच विद्यार्थी. त्याला 1998 मध्ये बुकर मिळालं. 1979 साली काझुओ इशिगुरो तिथं गेला. त्याला ब्रॅडबरींबरोबर अँजेला कार्टर ही मोठी लेखिका शिकवायला होती. 1982 ला पहिली कादंबरी, 1989 ला बुकर, 2017 ला नोबेल. फलक लावायचा तर असा! पण यातली कामाची गोष्ट मला वेगळी वाटते. तिथं मूठभर पोरं, आणि त्यांचं लिहिलेलं वाचायला स्वतः लिहिणारं माणूस समोर बसलेलं. तुझ्या पत्रकात एका तुकडीत चाळीस जण आहेत. ती संख्या बारीक अक्षरात आहे, मी चष्मा पुसून वाचली.

आता आपल्यातला दाखला घे. दिलीप चित्रे 1975 ते 1977 अमेरिकेत आयोवाला लेखकांच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात होते. त्यांचा तुकारामांचा इंग्रजी अनुवाद 1991 ला आला. 1994 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या मराठी कवितेलाही मिळाला आणि त्या अनुवादालाही. आयोवावाल्यांनी हे आपल्या यादीत घातलं तर मी भांडणार नाही. पण चित्रे तिथं गेले तेव्हा तुकोबा त्यांच्याबरोबर होतेच, तरुणपणापासून. आयोवानं त्यांना सवड दिली आणि देशोदेशीचे लिहिणारे शेजारी दिले. त्याचीही किंमत असते. तू काय घेऊन चाललीयस, हा मात्र तुझा तुला पाहायचा विषय.

आणखी एक दाखला, आणि तो मला सगळ्यांत जवळचा. इथून चाफळ किती लांब? तू सायकलनं जाऊन आलीयस. कवी यशवंत त्या चाफळचे. यशवंत दिनकर पेंढरकर, जन्म 1899. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पोटासाठी कारकुनी. ते पुण्याला गेले आणि 1923 साली रविकिरण मंडळ झालं. माधव जूलियन, यशवंत, साताऱ्याचे गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर, अशी मोजकी मंडळी. रविवारी चहाला जमायचं, आठवड्यात झालेली कविता वाचायची, बाकीच्यांनी ती ऐकून काय ते तोंडावर सांगायचं. फी नाही, प्रमाणपत्र नाही. त्या एका टेबलावरचे तिघे पुढं साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माधव जूलियन 1936 ला जळगावला, यशवंत 1950 ला मुंबईला, घाटे 1953 ला अहमदाबादला. मंडळात नसलेल्या एका कवीनं तर 1925 साली 'झेंडूची फुले' काढून या मंडळींच्या लकबींची अशी टर उडवली की अख्खा महाराष्ट्र हसला. ते आचार्य अत्रे. मला विचारशील तर त्या मंडळाला फुकटात मिळालेला सगळ्यांत कडक परीक्षक तोच. एकमेकांचं कौतुक करणाऱ्या टेबलाला बाहेरचा असा एक माणूस लागतोच.

पारावर कोणीतरी तुला विचारेल, की वाटेगावच्या अण्णाभाऊंना कोणत्या क्लासनं शिकवलं? शाळेत ते नावाला गेले, 'फकिरा' लिहिली. मीही हे पूर्वी टाळ्या घेत बोलायचो. आता बोलत नाही. 1944 साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. वग लिहायचा आणि गिरणीतून थकून आलेल्या माणसांपुढं उभा करायचा. सैल पडला की लोक उठून जाणार. याहून अवघड वर्ग कुठला असतो? अण्णाभाऊ शिकले नाहीत असं म्हणणारे फक्त शाळेचा दाखला बघतात.

माझीही एक गोष्ट सांगतो, आईला सांगू नकोस. तिशीत असताना मी पगारातून पैसे काढून दोन दिवसांच्या एका कथालेखन शिबिराला गेलो होतो. शिकवणारे नावाजलेले होते. पहिला दिवस त्यांच्या पहिल्या पुस्तकाचा, दुसरा दिवस त्यांना न मिळालेल्या पुरस्काराचा. माझी गोष्ट दोन दिवस पिशवीतच राहिली. येताना एसटीत ती काढली आणि मलाच परकी वाटली. नंतर कित्येक वर्षं गोष्ट लिहिली नाही. दोष सगळा त्यांचा नव्हता, मीही त्यांचं नाव बघूनच गेलो होतो.

म्हणून फी भरण्याआधी एकदा वर्गात बसू देतात का ते विचार. बसू दिलं तर शिकवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नकोस, त्यांच्या हातातल्या कागदाकडं बघ. मुलांच्या कागदावर खुणा आहेत का? 'छान', 'अजून खोल जा' असलं काही असेल तर परत ये. एखाद्या शब्दाखाली रेघ असेल, एखाद्या परिच्छेदाला फुली असेल, तर आईला मी समजावतो आणि निम्मी फी माझी. तोपर्यंत विलास सारंगांचं 'सर्जनशोध आणि लिहिता लेखक' वाच. परदेशात शिकलेला, इंग्रजी शिकवणारा आणि मराठीत लिहिणारा माणूस होता तो. लिहिण्याकडं कारागिरी म्हणून बघणारी पुस्तकं मराठीत फार नाहीत. ना. सी. फडक्यांचं 1931 चं 'प्रतिभासाधन' माझ्या कपाटात आहे. तेही वाच, पण भांडत वाच.

आता तुझी गोष्ट. पहिल्याच ओळीत "ऊसतोड कामगारांचे जथ्थे गावाच्या वेशीवर दाखल झाले" असं लिहिलंयस. कुठल्या गावात असं बोलतात? आपल्याकडं टोळ्या उतरतात. "टोळ्या उतरल्या" एवढं लिही, ओळ संपली. मुकादम, उचल हे शब्द तू नीट वापरलेस. पण तुझी बाई दिवसभर तोडते आणि तू लिहितेस, "तिने मोळी बांधली." तीन शब्द! मनू, आजीच्या मळ्यात बांधावर बसून तू हे पाहिलंयस. ती वाढ्याचे दोन पाले घेते, शेंड्याला शेंडा लावून पीळ देते, उसाखालून सरकवते, मोळीवर गुडघा दाबते आणि गाठ न मारता टोक आत खोचते. उसाची मोळी उसाच्याच वाढ्यानं बांधलेली. हे तू लिहिलंस तर पुढच्या पानावरचा तो "शोषणाचे चक्र" वाला परिच्छेद आपोआप गळून पडेल. त्याला मी फुली मारलीय.

शेवटी तिचं मूल उसाच्या फडात गाडीखाली झोपतं आणि बैल पाय उचलायला घाबरतो, ही ओळ फार चांगली आहे. तिला हात लावू नकोस. ती तुला कोणी शिकवलेली नाही.

काल मठातल्या समर्थांच्या मारुतीला गेलो होतो. येऊन दासबोध काढला, एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, लेखनक्रियेचा. समर्थ त्यात लिहिण्याचा मोठेपणा सांगत नाहीत. अक्षर वाटोळं, सुटं काढा, ओळी सरळ ठेवा, पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच हातचं वाटलं पाहिजे, असं सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी वाचता येणार नाही, हेही आहे. आणि पानाच्या भोवती जागा सोडा, म्हणजे कागद कडेनं झिजला तरी अक्षराला धक्का लागणार नाही.

तुझ्या पानांना चारी बाजूंनी समासच नाही. माझ्या खुणा ओळींच्या मधे कोंबाव्या लागल्यात, त्या तुला लागतील की नाही कोण जाणे. दिवाळीला येशील तेव्हा दुसरा खर्डा घेऊन ये, हातानं लिहिलेला, डावीकडं तीन बोटं जागा सोडून. लाल पेनची रिफील मी आणून ठेवतो.

तुझा
अण्णामामा