अलकनंदेकाठच्या श्रीनगरात

बदरीनाथाच्या यात्रेस किंवा फुलांच्या दरीकडे निघालेली आपली मंडळी गढवालातील श्रीनगरला उतरतात ती केवळ मुक्कामापुरती, आणि उजाडण्यापूर्वीच पुढची मोटार गाठतात; वस्तुतः गढवाल राज्याच्या या पुरातन राजधानीस एक अखंड दिवस द्यावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. हृषीकेशाहून सुमारे शंभर किलोमीटरचा हा घाटरस्ता वर्षाकाळी दरडींनी वारंवार बंद पडतो व मे-जूनमध्ये हे सखल खोरे असह्य तापते, म्हणून कार्तिक-मार्गशीर्ष किंवा फाल्गुन हाच काळ योजावा.

राजवाड्याचे अवशेष मात्र शोधू नयेत. १८०३ च्या भूकंपाने नगर खिळखिळे केले, पुढच्याच वर्षी गोरख्यांचा अंमल बसला. आणि १८९३ साली वरच्या अंगास गोहना येथे अख्खा डोंगर कोसळून अलकनंदेस मिळणारी बिरहीगंगा तुंबली, तेव्हा तो बांध पुढील पावसाळ्यात फुटणार हे ताडून सरकारने तारायंत्राची ओळ टाकली, रयतेस वेळीच उंचावर हलविले, त्यामुळे ऑगस्ट १८९४ च्या प्रलयात जुने शहर वाहून गेले तरी माणसे वाचली. आजची आखीव पेठ ही त्यानंतरची वसाहत होय.

सकाळी कमलेश्वराचे दर्शन घ्यावे. वैकुंठ चतुर्दशीस येथे अपत्यार्थी दांपत्ये हाती प्रज्वलित दीप घेऊन रात्रभर उभी राहतात, तो सोहळा साधल्यास उत्तम. मग पुलावरून पलीकडे चौरासला चालत जावे. १८१५ साली इंग्रजांनी गोरख्यांना हटविल्यावर अलकनंदा ही इंग्रजी मुलूख व टेहरी संस्थान यांची सरहद्द ठरली, आजही ती दोन जिल्ह्यांची हद्द आहे. आणि लोकांनी चळवळ करून १९७३ साली मिळविलेल्या गढवाल विद्यापीठाची आवारे दोन्ही तीरांवर असल्याने, ज्या प्रवाहाने एका राज्याची फाळणी केली तोच ओलांडून विद्यार्थी पाठास जातात, हे दृश्य मला कोणत्याही भग्न प्रासादाहून अधिक मोलाचे वाटते.

पात्रात मात्र उतरू नये. वरच्या अंगास जलविद्युत धरण असल्याने पाणी अकस्मात वाढते. हाती आणखी एक दिवस असेल, तर भाड्याची जीप ठरवून देवलगढास जावे. श्रीनगरापूर्वीची राजधानी ती हीच, आणि राजघराण्याची कुलदेवता राजराजेश्वरी हिचे स्थानही तेथेच आहे. शिदोरी व पाणी सोबत घ्यावे आणि अंधार पडण्यापूर्वी परत खोऱ्यात उतरावे.