ट्यूब किती दिवस पुरते?

"डॉक्टर, रोज सनस्क्रीन लावते, तरी वांग काही हटत नाही." ही तक्रार आली की मी आधी विचारतो, ५० ग्रॅमची ट्यूब तुम्हाला किती दिवस पुरते? "चार-पाच महिने सहज," असं उत्तर आलं, की दुखणं कुठे आहे ते कळतं.

ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो, तोही त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन. आपण लावतो त्याच्या निम्म्याहून कमी. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. या हिशेबाने, दिवसातून एकदाच लावली तरी ट्यूब दोन महिने टिकू नये. म्हणून महागडी पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा परवडणारी घ्या आणि हात सैल सोडा.

आकड्यांच्या मागे फार धावू नका. नीट लावलं, तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवतं आणि ५० सुमारे ९८. वांग असलेल्यांनी त्याहून पाहायचं ते 'पीए'पुढच्या अधिक चिन्हांकडे. तीन-चार तरी हवीत. ती यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण. हे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात, त्यामुळे गाडीत काचा लावून बसलात म्हणजे सुटलात असं नाही. शिवाय नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन बरं. ते चेहऱ्यावर पांढरटही दिसत नाही.

उन्हात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसलात तर लगेच. स्कूटरवर तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळतात आणि हात कोपरापर्यंत उघडे, त्यांनाही लावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र सनस्क्रीन नको, सावली आणि सुती झबलं पुरे.

आणि शेजारणीला गुण आला म्हणून दुकानातून परस्पर आणलेलं गोरेपणाचं मलम आधी बंद करा. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, उन्हात चुरचुरते. खूप दिवस लावत असाल, तर बंद कसं करायचं ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

पुढच्या वेळी येताना ट्यूब बरोबर आणा. ती किती चपटी झालीय ते पाहून मगच पुढचं औषध लिहीन.