लिंबोणीचा चंद्र

गेल्या वर्षी वैशाखात धाराशिवच्या आमच्या घरी माझ्या मातोश्रींचे सहस्रचंद्रदर्शन झाले. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. तेव्हा सहस्र पौर्णिमा पाहावयास जवळजवळ एक्याऐंशी वर्षे लागतात. सकाळी पूजा आणि सायंकाळी आप्तेष्टांस फराळ, असा बेत ठरला. फराळास गुलाबजाम असावेत हे आमच्या गावी कोणास सांगावे लागत नाही. कुंथलगिरीचा खवा जिल्ह्यातच मिळतो. परंतु सातवीत शिकणारी माझी नात म्हणाली, "आजोबा, पणजीसाठी मी चंद्र करणार आहे. लिंबाचा आणि गारेगार!"

तिचा हा चंद्र म्हणजे लिंबाचा पाय. मुलांनो, हा पाय चालावयाचा नव्हे, खावयाचा! अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकास की वेस्ट नावाचे बेट आहे. तेथे हे पक्वान्न प्रसिद्धीस आले. त्या बेटावर एके काळी ताजे दूध व बर्फ दुर्मिळ असे. म्हणून तेथील लोक डब्यातील आटवलेले गोड दूध वापरीत. दूध असे आटवून टिकविण्याच्या रीतीचे पेटंट गेल बोर्डन याने १८५६ मध्ये मिळविले होते. आणि तेथील ते लहानसे, पातळ सालीचे लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबूच! आशियातून अरबांच्या व पुढे स्पॅनिश लोकांच्या हातून ते इतक्या दूर गेले. आमच्या परसातील लिंबोणीला हे पक्वान्न तसे परके नव्हतेच.

नातीने २०० ग्रॅम बिस्किटांचा चुरा १०० ग्रॅम पातळ केलेल्या लोण्यात कालवून एका पसरट डब्याच्या तळाशी व कडेने दाबून बसविला. मग ४०० ग्रॅम आटवलेल्या दुधात पाच-सहा लिंबांचा रस ती ओतू लागली, तोच आई ओरडली, "अगं, दूध नासेल ना!"

साधे दूध खरोखरच नासले असते. परंतु या दुधात पाणी थोडे आणि साखर फार. लिंबाच्या आंबटपणाने त्यातील प्रथिने एकमेकांस धरतात खरी, पण चोथा-पाणी वेगळे न होता सारे मिश्रण मऊ व घट्ट होते. आई मात्र दूरच बसून राहिली. तिला ते पटले नव्हते.

दीड वाजता डबा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात गेला आणि दोन वाजता वीज गेली. पाहुणे सात वाजता यावयाचे होते. चार तास तरी हवे होते! नातीचे डोळे भरून आले. मी बाजारातून बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून आणली, फोडली, आणि बादलीत डब्याभोवती ठासून भरली. तासाभराने झाकण उघडले, तो चंद्र गार होता; पण डबा कलता केला की वाहत होता. मराठीचा एम.ए. असलेल्या माझ्यापाशी आणखी उपाय नव्हता.

"अरे, मीठ घाला त्यात," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "कुल्फीवाला मटक्यात बर्फाबरोबर खडे मीठ टाकायचा. झाकणाला कणीक लावायचा, खारे पाणी आत जाऊ नये म्हणून."

लागलीच तीन वाट्या बर्फास एक वाटी मीठ या प्रमाणात थर रचले व झाकणाची फट कणकेने लिंपली. बर्फ भराभर वितळू लागला. "आजोबा, बर्फ तर संपतोय!" नात घाबरून म्हणाली. पण थंडी त्या वितळण्यातूनच येत होती. साधा बर्फ शून्य अंशावर वितळतो. साखर व लिंबाचा रस असलेले मिश्रण मात्र शून्याच्याही खाली गेल्यावाचून गोठत नाही. म्हणून नुसता बर्फ हरला. मीठ पडले की बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, आणि वितळावयास उष्णता लागते: एका ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी. ती उष्णता तो जवळच्या वस्तूंतून, म्हणजे आपल्या डब्यातून, ओढून घेतो. बर्फमिठाचे मिश्रण असे उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. अकबराच्या दरबारातही सोरा पाण्यात विरघळवून त्या गारव्याने पिण्याचे पाणी थंड करीत, असे ऐन-ए-अकबरीत नमूद आहे. सोराही विरघळताना उष्णता शोषूनच घेतो.

मधून मधून पाणी काढून नवा बर्फ व मीठ घालणे चालूच होते. डब्याला बाहेरून पांढरे दव धरले. बोट लावले की चिकटे.

सातला वीज आली नव्हती. कंदिलाच्या उजेडात डबा उघडला. पिवळसर, गोल, घट्ट! नातीने पहिली फोड पणजीपुढे धरली. आईला दात थोडेच उरले आहेत. तिने चमच्याने ती हळूहळू खाल्ली.

"नासले नाही गं," ती म्हणाली, आणि वाटी पुन्हा पुढे केली.

नात हसत बादली उचलून परसाकडे निघाली. तेवढ्यात आईची हाक आली, "पोरी, ते खारे पाणी लिंबोणीच्या बुडाशी ओतू नकोस हं!"