पाचोळ्याखालचा रहिवासी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत, तर दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगरांत ज्ञानगंगेचे अरण्य आहे. साग, धावडा, सालई, तेंदू अशा वृक्षांची ही वने. उन्हाळा जवळ आला की पाने गळतात आणि भूमीवर पाचोळ्याचा जाड थर साचतो. वाटसरूला तो केर वाटतो. परंतु मुलांनो, तो असंख्य जीवांचा निवारा आहे.

अशाच निवाऱ्यात ‘आखूड शेपटीचा चाबूक-विंचू’ राहतो. नाव ऐकून दचकू नका! त्याला नांगी नाही आणि विषही नाही. त्याच्या गणातील बहुतेक प्राणी तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. कोळी आणि विंचू हे त्याचे नातलग. म्हणून त्यालाही पाय आठच. मात्र तो चालतो सहा पायांवर. त्याची दृष्टी अगदीच मंद; म्हणून पुढचे दोन सडपातळ पाय अंधाच्या काठीप्रमाणे फिरवीत तो वाट चाचपतो. तोंडाजवळच्या दोन बळकट अवयवांनी तो बारीक कीटक पकडतो. संकट येताच तो चपळाईने मागे उडी घेतो. मादी मातीत लहानशी कोठडी करते आणि अंडी पोटाशी धरून त्यांचे रक्षण करते.

महाराष्ट्रातील अशा एका जातीचे वर्णन कोकेनडॉल्फर, सिसम आणि बस्तवडे या अभ्यासकांनी 1988 साली प्रसिद्ध केले. कोळ्यांचे गाढे अभ्यासक टिकादर यांच्या सन्मानार्थ तिला ‘टिकाडेरी’ हे नाव मिळाले.

या जीवाला ओलावा नसेल तर तो सुकून मरतो. बाहेर ऊन तापत असता पाचोळ्याखाली मात्र थोडी ओल टिकून राहते. तिच्यावरच त्याचे प्राण अवलंबून असतात. कोठे कोठे मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात. ठिणगी पसरते आणि वणवा भडकतो. हरिण पळते, पक्षी उडून जातो; पण या चिमुकल्याने जावे कोठे? पाचोळा कुजून माती सकस होते, त्या मातीवर वृक्ष पोसतात. तो जाळणे म्हणजे लहानांचे घर आणि थोरांचे अन्न एकदमच जाळणे होय.

स्वाध्याय
1. हा प्राणी सहाच पायांवर का चालतो?
2. पाचोळा जाळल्याने कोणाची व कशी हानी होते?
3. ‘निवारा’, ‘सकस’, ‘वणवा’ हे शब्द वाक्यांत योजा.