नैराश्य ओळखताना



शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर नैराश्य बहुतेकदा अंगाच्या दुखण्यातून दिसते. मन उदास आहे, असे क्वचितच कोणी सांगते. डोके जड, छातीत धडधड, अन्न जात नाही, अशा तक्रारी घेऊन बाई आरोग्य केंद्रात पुन्हा पुन्हा येते, मध्येच भगताकडेही जाऊन येते. नव्या आशाताईने अशा बाईची झोप आधी विचारावी. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे ही महत्त्वाची खूण आहे.

मुख्य लक्षणे दोन: मन सतत खिन्न राहणे आणि कशातच गोडी न उरणे. यांपैकी एक तरी दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले आणि सोबत थकवा, भुकेत बदल, विसराळूपणा, मंदावलेले बोलणे किंवा स्वतःला दोष देणे दिसले, तर आजार धरून चालावे. आवणीत सगळेच दमतात, पण तो शीण झोपेने उतरतो. म्हणून तुलना शेजारणीशी नव्हे, त्याच माणसाच्या पूर्वीच्या वागण्याशी करावी. एरवी नेमाने सारवलेला ओटा महिनाभर तसाच पडतो, केसांना फणी लागत नाही, भावकीतल्या हळदीलाही ती जात नाही. घरचे तिला आळशी म्हणतात. हा अन्याय आहे. पुरुषांत चिडचिड, दारू आणि कामावरचे खाडे वाढतात. बाळंतिणीचे सुरुवातीचे रडू आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही ते राहिले, तर तपासणी लांबवू नये. रक्तक्षय आणि थायरॉइडच्या विकारातही असाच गळाठा येतो, त्यामुळे रक्त तपासावे.

जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होकार आला तर माणसाला एकटे सोडू नये, फवारणीचे औषध घरातून हलवावे आणि त्याच दिवशी शहापूरच्या उपजिल्हा किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे घरच्यांना समजावावे लागते.

औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात अनेकजण गोळ्या सोडतात, म्हणून तेव्हा घरी फेरी हवीच. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये.

— मामा